शेजारचा बोका अंगावर येतो तेव्हा काय काय करावं

पाळलेला पण ऑपरेशन न केलेला बोका इमारतीत असला की त्रास बहुधा ठरलेल्या क्रमाने वाढतो. आधी जिन्यात उग्र वास येतो, मग रात्री-अपरात्री रडण्याचे आवाज, मग तुमच्या मांजराचा कान फाटतो, आणि एक दिवस तो कुणाच्या तरी पोटरीला चावतो. माणसं पहिल्या तीन गोष्टी गिळून टाकतात आणि चौथीला भांडायला जातात. तोवर शेजाऱ्याशी बोलणं कडू झालेलं असतं, आणि या दुखण्यावरचं खरं औषध नेमकं त्याच शेजाऱ्याच्या हातात असतं: बोक्याची नसबंदी. जाळ्या, पाण्याचे फवारे, सोसायटीला अर्ज हे सगळं ते होईपर्यंतची सोय. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. चावा आधीच झाला असेल तर मात्र पहिली पायरी वाचून उठा आणि दवाखाना गाठा.

पहिली पायरी: माणसाला चावलं किंवा ओचकारलं असेल तर

जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत नळ बंद करतो. मग बीटाडीनसारखं पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही भरू नका. घट्ट पट्टीही नको.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज कुत्र्यापासूनच होतो हा समज चुकीचा आहे, तो मांजराच्या चाव्यातूनही होऊ शकतो आणि एकदा लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर लस पुरते. दात रुतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही द्यावं लागतं. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत लस मोफत मिळते. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, दंडात स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर तसं सांगा, डोस कमी लागतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

दुसरा धोका साध्या जंतूंचा. मांजराचा दात बारीक आणि टोकदार, म्हणून वरून छिद्र एवढंसं दिसतं आणि जंतू खोल पोचलेले असतात. हाताच्या बोटांना, सांध्याजवळ चावलं असेल आणि बारा-चोवीस तासांत सूज, लाली, ठणका सुरू झाला तर अँटिबायोटिक लागणारच. ‘उद्या बघू’ म्हणण्याची ही जागा नाही.

आणि बोक्याला पळवून लावू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण चावलेलं मांजर पुढचे दहा दिवस डोळ्यांसमोर असणं तुमच्याच फायद्याचं आहे. ते दहा दिवस ठणठणीत राहिलं तर डॉक्टरांना पुढचा निर्णय घेणं सोपं जातं. लस मात्र लगेच सुरू करायची, दहा दिवस थांबून नाही. शेजाऱ्याला पहिला फोन करायचा तो याच दोन प्रश्नांसाठी: रेबीजची लस दिली आहे का, कार्ड आहे का? आणि दहा दिवस त्याला घरात ठेवाल का?

दुसरी पायरी: गुन्हेगार तोच आहे ना, हे पाहा

रात्री जिन्यात दिसलेला प्रत्येक पांढरा-काळा बोका पाटील काकूंचाच असतो असं नाही. दोन-चार फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. शेपटी वर करून जाताना मागून पाहिलं की ऑपरेशन झालं आहे की नाही ते बहुतेकदा कळतं, वृषण दिसतात. वयात आलेल्या बोक्याचे गाल फुगीर, मान जाड, आणि नाकावर-कानांवर जुन्या मारामाऱ्यांच्या खुणा. रंगावरूनही अंदाज बांधता येतो: नारिंगी मांजरांत दर पाचांतले सुमारे चार बोके असतात, आणि तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटी, म्हणजे मादी, असते. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर ती भटक्या मांजरांची नसबंदी झाल्याची खूण आहे. मग तो मारामारी कशासाठी करतो हा प्रश्न वेगळा.

बोका पाच-सहा महिन्यांत वयात येऊ लागतो. त्यानंतर त्याचं अर्धं आयुष्य हद्द राखण्यात जातं. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की भाट्या माजावर येतात, आणि त्यांच्या वासावर बोके दूरदूरच्या गल्ल्यांतून येऊन धडकतात. आपल्याकडच्या दिवसाच्या लांबीमुळे आणि घरातल्या दिव्यांमुळे हा हंगाम जवळपास वर्षभर चालतो. शेजारचा बोका तुमच्यावर डूख धरून नाही. तुमच्या दारातली चपलांची फळी ही त्याच्या हद्दीची वेस आहे, एवढंच. तुमच्या घरात ऑपरेशन न झालेली भाटी असेल तर मात्र आमंत्रण तुमच्याकडूनच जातंय. शेजाऱ्याच्या दारात जाण्याआधी तिचं ऑपरेशन उरका, नाहीतर तो हेच तोंडावर फेकेल आणि ते बरोबरच असेल.

तिसरी पायरी: तुमच्या मांजराला जपा

मारामारी चालू असताना मध्ये हात घालायचा नाही. चिडलेलं मांजर मालक ओळखत नाही. स्टीलची थाळी जोरात वाजवा, पाण्याचा मगा फेका, मध्ये पुठ्ठा किंवा सोफ्याची उशी सरकवा, चादर टाका. बोक्याला पळायला वाट ठेवा. जिन्याच्या कोपऱ्यात काठी घेऊन कोंडलेला बोका हमखास अंगावर येतो, आणि इमारतींमधले बरेच चावे असेच होतात.

सुटका झाल्यावर तुमच्या मांजराला लगेच उचलून कुरवाळू नका. ते अजून तापलेलं असतं, समोर येईल त्याच्यावर राग काढतं. खिडकीच्या काचेपलीकडे बोका पाहून आतल्या आत दोन सख्ख्या मांजरांनी एकमेकांना फोडल्याची उदाहरणं पशुवैद्यांना नेहमी ऐकायला मिळतात. अंधाऱ्या, शांत खोलीत पाणी आणि मातीचा ट्रे ठेवून त्याला काही तास एकटं सोडा. कधी एक-दोन दिवसही लागतात.

मग अंग चाचपा. केसांखाली दाताची छिद्रं दिसत नाहीत. वरची कातडी लवकर मिटते, आत पू साठतो, आणि दोन ते चार दिवसांनी गालावर, पायाच्या सांध्यावर किंवा शेपटीच्या मुळाशी गरम गाठ येते. मांजर खायचं बंद करतं, पलंगाखाली बसून राहतं. ही गाठ घरी फोडायची नसते. आणि घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा क्रोसिन अजिबात द्यायची नाही. मांजराचं यकृत ते औषध निकामी करू शकत नाही, एका गोळीनेही जीव जातो. आयबुप्रोफेनचंही तसंच.

लशींचं कार्ड काढून बघा. रेबीजची आणि तीन रोगांची मिळून येणारी लस चालू आहे ना? मारामारीतल्या चाव्यातून पसरणारा एक विषाणू मात्र असा आहे की त्यावर लशीचा भरवसा नाही. त्याचं नाव एफआयव्ही. माणसाच्या एचआयव्हीच्या कुळातला आहे, पण माणसाला होत नाही. बाहेर हिंडणारे, ऑपरेशन न झालेले बोके त्याचे मुख्य वाहक. वारंवार चावे झाले असतील तर रक्ततपासणीबद्दल विचारा.

घरात पिल्लं असतील तर जास्त सावध. बोका पिल्लं मारतो ही आजीची भीती खरी आहे, सगळेच मारत नसले तरी. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो त्यामागे हाच धाक असावा. पिल्लं दार बंद होणाऱ्या खोलीत हवीत, बाल्कनीतल्या खोक्यात नाही.

चौथी पायरी: वास आणि वाटा

बोक्याची फवारणी ही साधी लघवी नसते. तो उभा राहून, शेपटी ताठ थरथरवत, उभ्या पृष्ठभागावर पिचकारी मारतो: दाराची चौकट, चपलांचं स्टँड, गाडीचं टायर, स्कूटरची सीट, कुंड्या. कुणाच्या तुळशीवृंदावनावर मारली की प्रकरण धार्मिक होतं, सांभाळा. वासाच्या मुळाशी गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं आणि ते बोक्याच्या पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असतं, म्हणून ऑपरेशननंतर वासही उतरतो.

आपल्याकडे पहिला हात फिनाइलकडे जातो. तो आवरा. फिनाइल, डेटॉल, डांबरगोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल हे सगळं मांजरांना विषारी आहे. पंजाला लागतं आणि ते चाटतं, आणि त्यात तुमचंही मांजर आलं. अमोनियाचा क्लीनर वापरला तर त्याला लघवीचाच वास येतो आणि बोका पुन्हा तिथेच ‘सही’ करतो. ब्लीच लघवीवर ओतलं तर त्यातून घातक वायू सुटतो. मग काय वापरायचं? पाकिटावर एन्झाइम लिहिलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात, साधारण नऊ भाग पाण्याला एक भाग. तिने घासा, साध्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग सर्जिकल स्पिरिटचा हात फिरवा. लाकडी चौकट असेल तर दोन-तीनदा करावं लागतं.

वाटा बंद करायचं काम जास्त महत्त्वाचं. आठवडाभर तो कुठून येतो ते पाहा. बहुतेकदा डक्टचा पाइप, खिडकीवरचा छज्जा, नाहीतर सेफ्टी डोअरच्या खालच्या गजांमधली फट. खालच्या गजांना दीड-दोन फूट ॲक्रिलिकची पट्टी लावली की दारातली ये-जा थांबते. बाल्कनीला कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी आधीच असेल, पण तिच्यावर विसंबू नका, बोका ती दातांनी आणि वजनाने फाडतो. तारेची जाळी घ्या. मच्छरजाळी तर नखाला पुरत नाही. समोरासमोर बघून गुरगुरण्याचा प्रकार असेल तर काचेच्या खालच्या भागाला दुधी फिल्म चिकटवा. दिसेनासं झालं की निम्मी चिडचिड कमी होते.

रात्री जिन्यात मांजराचं खाणं ठेवायचं नाही, तुमच्या इतर लाडक्या भटक्या मांजरांसाठीसुद्धा नाही. खाणं ठरावीक वेळी, समोर उभं राहून, आणि पंधरा-वीस मिनिटांत ताटली आत. बांगड्याची डोकी आणि कोळंबीची सालं झाकणाच्या डब्यात. संत्र्या-लिंबाच्या सालींचा वास मांजरांना आवडत नाही, कुंड्यांत टाकायला हरकत नाही, पण चिडलेल्या बोक्याला साल अडवेल अशी अपेक्षा ठेवू नका. मिरपूड, तिखट मात्र कुठेही शिंपडायचं नाही. ते डोळ्यांत जातं आणि ती क्रूरताच आहे.

पाचवी पायरी: शेजाऱ्याशी बोलणं

सगळा लेख याच्यासाठी आहे, म्हणून इथे जरा वेळ घेऊ.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून सुरुवात करू नका. चारचौघांत लाज काढलेला माणूस बोक्याच्या बाजूने उभा राहतो, मग त्याला स्वतःलाही बोक्याचा कंटाळा आलेला असला तरी. रविवारी सकाळी, नाश्त्यानंतर, एकटे जा. जखमा बोक्यालाही होत असतात, तिथून बोलायला लागा. “काकू, तुमच्या बंड्याचा कान फाटलाय, बघितलंत का? काल रात्री आमच्या मनीशी जुंपली होती. तिलाही दवाखान्यात न्यावं लागलं. दोघांचंही आपण काहीतरी करू या का?” यात तक्रार आहे, पण आरोप नाही. बिल हातात नेऊ नका, दुसऱ्या भेटीसाठी ठेवा.

पहिल्याच भेटीत ऑपरेशन मान्य होईल असं नाही. पण एक छोटी गोष्ट मागता येते: वेळ वाटून घेणं. संध्याकाळी सात ते सकाळी सात बंड्या घरात, तेवढ्या वेळात आमची मनी बाल्कनीत. भांडणं बहुतांशी संधिप्रकाशात आणि रात्री होतात, त्यामुळे एवढ्यानेही फरक दिसतो. बारा तास घरात कोंडलेला, दाराशी रडणारा, सोफ्यावर पिचकाऱ्या मारणारा बोका अनुभवला की ऑपरेशनचा विषय बरेचदा काकूच काढतात.

आक्षेप ठरलेले असतात. त्यांची उत्तरं आधीच मनाशी तयार ठेवा.

‘मुक्या जिवाला असं करणं पाप आहे.’ याला वाद घालून उत्तर नाही. बोका गाडीखाली येतो तो भाटीच्या मागे रस्ता ओलांडताना, आणि त्याची पिल्लं कुणाच्या तरी पार्किंगमध्ये उपाशी मरतात. हे शांतपणे सांगावं आणि गप्प बसावं.

‘लठ्ठ होईल.’ होऊ शकतो, ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराला लागणारी ऊर्जा कमी होते. खाणं मोजून द्यायचं, एवढंच.

‘लघवी अडकते म्हणतात.’ बोक्यांची मूत्रनलिका मुळातच अरुंद असते. ऑपरेशनने ती आणखी आकसते असं तपासण्यांत दिसलेलं नाही. भरपूर पाणी आणि ओलं खाणं उपयोगी. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि थेंबही पडत नाही असं दिसलं तर ऑपरेशन झालेलं असो वा नसो, तासाभरात दवाखाना.

‘उंदीर धरणार नाही.’ धरेल. शिकारीचा आणि या संप्रेरकाचा तसा संबंध नाही.

‘पर्शियन आहे, जोडीला लावायचाय.’ हा सगळ्यात अवघड शेजारी. इथे पैशांचा विचार असतो, त्यामुळे भावनेने काम होत नाही. जोडीला लावायचा बोका गल्लीत हिंडवणं त्याच्यासाठीच घातक आहे, एका चाव्यात एफआयव्ही येऊ शकतो. ‘मग तो पूर्ण घरातच ठेवा’ एवढी मागणी रास्त आहे, आणि तीच लावून धरावी.

‘खर्च कोण करणार?’ हा आक्षेप नसतो, ही वाटाघाटीची सुरुवात असते. बोक्याच्या ऑपरेशनला पोट उघडावं लागत नाही, त्यामुळे भाटीपेक्षा खर्च कमी येतो. दर शहराशहरांत आणि दवाखान्यागणिक वेगळे, आधी दोन-तीन ठिकाणी फोन करा. निम्मे पैसे तुम्ही देऊ करा. काहींना हे अन्यायाचं वाटतं: बोका त्यांचा, पैसे आपण का द्यायचे? माझं मत विचाराल तर गाठ फोडण्याच्या दोन बिलांपेक्षा हे निम्मे पैसे स्वस्त पडतात. पैशांहूनही कामाला येते ती मदत म्हणजे बास्केट आणि गाडी. कित्येक काका-काकूंचं घोडं फक्त ‘त्याला नेणार कसा’ इथे अडलेलं असतं.

सहावी पायरी: ऑपरेशनचा दिवस

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुनं आणि ओळखीचं. शहरांत खासगी दवाखाने आणि प्राणी संस्था असतात. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं चालतं, म्हणून मांजराची भूल तिथे देतात का ते फोनवर विचारूनच निघा.

आदल्या रात्रीपासून किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील, तेवढंच पाळा. बाहेर हिंडणारा बोका सकाळी ऐनवेळी गायब होतो, तेव्हा आदल्या संध्याकाळपासून दार बंद. बास्केट दोन-तीन दिवस आधी घरात उघडी ठेवून आत टॉवेल आणि खाऊ टाकावा. बास्केट नसेल तर झाकणाचा, भोकं असलेला प्लास्टिक क्रेट दोरीने बांधून चालतो. पिशवी किंवा पोतं नको. त्याच फेरीत रेबीजची लस उरकून घ्या आणि कार्डावर लिहून आणा.

शस्त्रक्रिया काही मिनिटांची, बहुतेकदा टाकेही नसतात, संध्याकाळी बोका घरी. पहिली रात्र झिंगलेला असतो, उंचावर चढू द्यायचं नाही. ट्रेमध्ये काही दिवस मातीऐवजी कागदाचे तुकडे. सूज, रक्त किंवा सतत चाटणं दिसलं तर परत दाखवायचं.

आता शेजाऱ्याला आणि स्वतःलाही एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा: फरक दुसऱ्या दिवशी दिसत नाही. काही बोके आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. ऑपरेशननंतरही काही आठवडे तो भाटीला गाभण करू शकतो. दहापैकी सुमारे नऊ बोक्यांमध्ये भटकणं, मारामारी आणि फवारणी थांबते किंवा बरीच कमी होते. दहावा सवयीचा गुलाम असतो, त्याच्यासाठी चौथ्या पायरीतल्या जाळ्या कायम ठेवाव्या लागतात.

सातवी पायरी: शेजारी ऐकतच नसेल तर

आता कागद कामाला येतात. तारखा, फोटो, दवाखान्याची बिलं, माणसाला चावा झाला असेल तर केसपेपर. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणी नेमकी हवी: रेबीजच्या लशीचा दाखला, रात्री बोका घरात, जिना घाण केला तर सफाईचा खर्च मालकाचा. ‘मांजर हाकला’ अशी मागणी करू नका. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने स्पष्ट केलं आहे. मग तुमचा अर्ज सरळ केराच्या टोपलीत जातो.

पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली, आणि त्यासाठी रेबीजची लस झालेली लागते. पुण्यात असाल तर नोंदणी आहे का हा प्रश्न सोसायटीमार्फत विचारता येतो. माणसांना वारंवार इजा होत असेल आणि मालक ढिम्म असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: आपल्या प्राण्यापासून होणारा धोका टाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस ठाण्यात जाण्याआधी त्याचा उल्लेख असलेलं एक पत्र बहुधा पुरतं.

कायदा तुमच्यावरही चालतो. बोक्याला विष घालणं, मारणं किंवा अपंग करणं हा त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या पहिल्या गुन्ह्याच्या पन्नास रुपये दंडावर लोक हसतात, पण या कलमावर हसण्यासारखं काही नाही. पोत्यात घालून मंडईत किंवा नदीपलीकडे सोडून येणं हा जुना उपायही नको. पाळलेलं जनावर मालकाच्या नकळत उचलणं चोरीत बसतं, आणि मोकळ्या झालेल्या हद्दीत महिन्याभरात दुसरा बोका येऊन बसतो. परस्पर पकडून गुपचूप ऑपरेशन करून आणायचा मोहही टाळा. बोका कुणाचाच नाही, सगळ्या इमारतीचा मिळून आहे असं निघालं तर मात्र गोष्ट सोपी होते. अशा मांजरांची नसबंदी मुंबईसारख्या शहरांत महापालिका संस्थांच्या मदतीने करून देते. संस्थेचा पिंजरा मागवा, त्या दिवशी इमारतीतल्या कुणीही त्याला खाऊ घालणार नाही एवढं सगळ्यांकडून कबूल करून घ्या, आणि पिंजऱ्यात तळलेला बोंबील ठेवा.